लोकालियाची चिमटी

आमच्या मोलोकाई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कुणाच्याही घरी गोधडी चौकटीवर चढली, की तिची शेवटची ओळ लोकालियासाठी राखून ठेवत. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. भरतीचं पाणी मासळीच्या तळ्यात शिरतं तसं ते आपसूक व्हायचं. मधली नक्षी, तिच्या भोवतीनं आतून बाहेर जाणाऱ्या टाक्यांच्या ओळी, बेटाला लाटा लागाव्यात तशा एकीमागे एक, त्या सगळ्या बायांनी मिळून घालायच्या. काठाला भिडणारी अखेरची ओळ मात्र तिची. तिचे टाके तांदळाच्या कणीएवढे, सगळे एका आईचे. अंधारात गोधडीवरून हात फिरवला तरी कळायचं, इथून लोकालिया सुरू झाली.

ती माझ्या आईची थोरली बहीण. आई लवकर गेली, मी लोकालियाच्याच ओसरीवर वाढले. म्हणून हे मी सांगते आहे. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यात दया आली असती, आणि दया तिला कधी चालली नाही.

ती हालावाच्या खोऱ्यातली, अळूच्या चिखलात वाढलेली. तिच्या आईनं सुई हातात देण्याआधी पोरीच्या डाव्या बोटाला ती टोचून दाखवली होती. म्हणाली, "ही सुईची वाट. वरचा हात ढकलतो, खालच्या बोटाला टोक लागतं, बोट तिला परत वर पाठवतं. हे बोटाला कळायला हवं, डोळ्याला नाही." आणि बोटावर रक्ताचा थेंब आला तेव्हा म्हणाली, "कापडाला लागलं तर थुंकी लाव. पण तुझीच. दुसरीची लावून उपयोग नाही. रक्त आपल्याच तोंडाला ओळखतं."

मग समुद्राची ती मोठी लाट आली आणि अळूची खाचरं मिठानं मेली. लोकालिया खोरं सोडून रस्त्याकाठी राहायला आली, अननसाच्या शेतात जाड हातमोजे घालून राबली. कालेओशी लग्न केलं. तो जाळं फेकायचा आणि गाताना बेसूर व्हायचा. तो गेला. मुलगा होनोलुलूला गेला आणि तिकडचाच झाला. राहिली ती, मी, आणि ओसरीवरची चौकट.

त्या चौकटीपाशी तिचं राज्य होतं. सुईवर चार-सहा टाके भरले की सुई ओढावी लागते. दोन कापडं, मध्ये कापसाचा थर, आणि त्यात घट्ट रुतलेली बारीक आखूड सुई. ती ओढायची रीत प्रत्येकीची वेगळी. मकालेका, लोकालियाची बालमैत्रीण, पणतवाच्या वाढदिवसाच्या फुग्याचा तुकडा बोटांत धरायची. कुणी रबराचं बोट घालायची, कुणी बोट चाटायची. लोकालिया मात्र नुसत्या चिमटीनं ओढायची. अंगठा आणि पहिलं बोट. सुई पकडली आहे की फुलाची पाकळी, असं वाटावं. मनगट जरासं वळायचं आणि सुई वर यायची, मागून दोरा यायचा, आणि दोरा कुठं थांबायचं ते त्याला ठाऊक असायचं. कापडाला चुणी नाही की फुगवटा नाही.

"रबरानं दोरा बहिरा होतो," ती म्हणायची. "बोटाचं ऐकत नाही."

"माझा दोरा जन्मापासून बहिरा आहे," मकालेका म्हणायची. "माझ्या नवऱ्यासारखा. तरी ओढला की येतो."

पुढं हालिआका आली. लग्न होऊन हानाहून आमच्याकडे आलेली, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. तिच्या उजव्या हाताचा अंगठा लहानपणी दोरखंडात सापडून वाकडा झालेला. चिमटी जुळायचीच नाही. म्हणून ती नवऱ्याची गळ काढायची पक्कड आणायची. माशाच्या तोंडातून गळ ओढायची ती निमुळती पक्कड. कितीही धुतली तरी तिला वास यायचा. पहिल्या दिवशी तिनं ती पिशवीतून काढली आणि लोकालियानं हातातली सुई खाली ठेवली.

"हे काय, पोरी? गोधडी शिवायची आहे की दात काढायचा आहे?"

बाया हसल्या. हालिआकाही हसली. "सुईच ओढते आंटी. दाताची गोष्ट वेगळी, तो मालकाला विचारून काढतात."

"लोखंडानं लोखंड ओढलं की सुईला राग येतो. तुझे टाके कोपऱ्याला घाल, पलंगाच्या खाली लोंबतो त्या कोपऱ्याला."

आणि हालिआका कोपऱ्याला बसली. तशी ती कितीतरी गुरुवार बसली. तिचे टाके मोठे होते, पण सरळ होते. ते सरळ आहेत असं लोकालियाच्या चौकटीपाशी कुणी बोललं नाही.

आमच्यात एक रीत आहे. राग पोटात घेऊन चौकटीपाशी बसायचं नाही. राग टाक्यातून कापडात उतरतो, आणि मग त्या गोधडीखाली झोपणाऱ्याला स्वस्थ झोप लागत नाही. म्हणून प्रार्थना झाली की घरची मोठी बाई विचारते, "कुणाच्या पोटात काही आहे का?" असेल तिनं बोलायचं, ऐकणारीनं ऐकायचं, माफी मागायची किंवा द्यायची, मगच सुईत दोरा ओवायचा. आमच्या घरी हे लोकालिया विचारायची. तिच्या आवाजात विचारलेलं ऐकलं की बाया लपवलेलं उकरून काढायच्या. कुणाची कोंबडी, कुणाची जाऊ, सगळं त्या चौकटीवर पसरलं जायचं आणि सुया चालू व्हायच्या.

तिच्या रक्तात साखर आहे हे कळलं त्यालाही बरीच वर्षं झाली होती. गोड पाव आणि आंब्याचं गोड लोणचं तिनं सोडलं नाही. मग एक दिवस मी पाहिलं, ती चुलीवरचं गरम भांडं नुसत्या हातानं उचलते आहे आणि तिचा चेहरा हलत नाही. भांडं खाली ठेवल्यावर बोटांवर फोड आला. ती त्या फोडाकडे असं बघत राहिली, जसं दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावं.

"चिकटलं होतं जरा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून सुईत दोरा मी ओवून देऊ लागले, आणि तिनं तो मुकाट्यानं घेतला. शेजारच्या घरी शेवटची ओळ घालायचं बोलावणं आलं तेव्हा तिनं गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघ्यानं कुणी शिवत नाही, पण तिला कोण विचारणार.

मग नोहेआचा निरोप आला. नोहेआ म्हणजे तिच्या मुलाची मुलगी, होनोलुलूला वाढलेली, आता पहिलटकरीण. आजीला ती टुटू म्हणायची. तिचं एकच मागणं होतं: टुटू, माझ्या बाळाला तुझ्या हातची गोधडी हवी. लोकालियाच्या जन्माला तिच्या आजीनं गोधडी केली होती, मुलाच्या जन्माला लोकालियाच्या आईनं. नोहेआच्या जन्माला तिनं स्वतः. आता नोहेआच्या बाळाची पाळी होती. नीरफणसाच्या पानांची नक्षी तिनं स्वतः कातरली, पांढऱ्यावर हिरवी. मला म्हणाली, "ही एवढी झाली की सुई ठेवून देईन. पण ही माझ्या हातची झाली पाहिजे. नोहेआनं हात फिरवला की तिला कळलं पाहिजे." ती एवढंच बोलली, पण मला समजलं की ती स्वतःच्या बोटांना विनवते आहे.

गुरुवारी बाया यायच्या. बाकीच्या सकाळी ती एकटी बसायची, ओसरीवर ऊन येईपर्यंत. मी उठायच्या आत बसायची. कुणी पाहू नये म्हणून, हे मला तेव्हा नुसतं वाटलं होतं. आता माहीत आहे.

एका गुरुवारी बाया बसायच्या आधी लोकालिया चौकटीवर वाकली आणि तशीच राहिली. पानाच्या देठाजवळ टाक्यांची एक रांग वाकडीतिकडी गेली होती. एक टाका लांब, एक आखूड, मध्ये चुणी. आणि पांढऱ्यावर तांबूस तपकिरी डाग, सुकलेले, मसुराच्या डाळीएवढे.

"हे कुणाचं?"

मागच्या गुरुवारी त्या बाजूला हालिआका बसली होती. कोपरा भरून झाला होता आणि दुसरी जागा नव्हती.

"हालिआका, इकडे ये." ती आली. "पकडीनं ओढलेले टाके असे दिसतात. कापड बघ कसं रडतंय. आणि रक्त सांडलंस ते पुसायचंही सुचलं नाही? माझ्या पणतवाच्या अंगावर जायचं आहे हे."

हालिआकानं टाके पाहिले. मग लोकालियाच्या हातांकडे पाहिलं. ते मी पाहिलं, बाकी कुणी पाहिलं की नाही ठाऊक नाही.

"माझे असतील, आंटी," ती म्हणाली.

"असतील म्हणजे? थुंकी लाव मग."

हालिआकानं बोट तोंडात ओलं केलं, डागावर घासलं. पुन्हा ओलं केलं, पुन्हा घासलं. एवढ्या बायांसमोर, खाली मान घालून. डाग तसाच राहिला. मकालेका मध्येच म्हणाली, "लोकी, पुरे. जुना झालाय डाग." पण लोकालियानं कात्री घेतली आणि ते टाके सगळ्यांच्या देखत उसवले, एकेक, कोळंबीचं काळं काढावं तसे. हालिआका हात मांडीवर घेऊन बघत होती. त्या दिवशी कुणी विनोद केला नाही. कॉफी निवून गेली. कडक बिस्किटांचा डबा कुणी उघडला नाही.

बाया गेल्यावर लोकालियानं त्या रिकाम्या जागी स्वतः टाके घातले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. सुई कापडातून ओढली जाते तेव्हा बारीक कुरकुर होते. ती कुरकुर थांबत होती, पुन्हा होत होती, पुन्हा थांबत होती. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी बाहेर आले.

ती चौकटीवर वाकली होती. दुपारचं ऊन तिरपं पडलं होतं आणि त्या उन्हात नवे टाके दिसत होते. एक लांब, एक आखूड, मध्ये चुणी. उसवलेल्यांचे सख्खे भाऊ. तिनं डावा हात चौकटीखालून काढला. पहिल्या बोटाच्या टोकाला बारीक छिद्रं होती आणि त्यांतल्या एकातून रक्त येत होतं. बोटाला पत्ता नव्हता.

तिनं ते बोट डोळ्यांसमोर धरलं. मग उजव्या हाताचं बोट तोंडात ओलं केलं, आणि नव्या डागावर नाही, त्या जुन्या डागावर, हालिआकानं घासून घासून सोडलेल्या डागावर थुंकी लावली. हळू घासलं. डाग फिका झाला. आणखी लावली. कापड पांढरं झालं.

मी दारात होते. तिनं वर पाहिलं नाही. "आत जा," म्हणाली. आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं बाहेर कुणी पोर बोललं.

तिला उठून हालिआकाच्या घरी जाता आलं असतं. रस्ता सरळ आहे, मासळीच्या तळ्याच्या कडेनं. ती संध्याकाळी चप्पल घालून फाटकापर्यंत गेली आणि फाटकाची कडी नीट आहे का ते बघून परत आली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तिनं फाटकाकडे पाहायचंही सोडलं. जेवताना पोईत, अळूच्या कंदाच्या लगद्यात, बोट बुडवून तशीच बसायची. लाज माणसाला आधी मुकं करते.

पुढच्या गुरुवारी बाया आल्या. मला वाटलं होतं हालिआका येणार नाही. ती आली, पक्कड घेऊन, आणि कोपऱ्यापाशी बसली, जिथं आता घालायला काही उरलं नव्हतं. प्रार्थना झाली. सगळ्या लोकालियाकडे बघत होत्या, विचारायची वाट बघत. लोकालियानं सुई उचलली.

"सुरू करा," ती म्हणाली.

मकालेकानं माझ्याकडे पाहिलं. मी दोऱ्याच्या रिळाकडे पाहिलं. लोकालियानं विचारलं नाही, ही गोष्ट त्या चौकटीवर पहिल्यांदा घडत होती. आणि तशीच ती त्याच्या पुढच्या गुरुवारी घडली, आणि त्याच्या पुढच्या. लोकालिया आता टाके भरायची नाही. हातात सुई धरून बसायची, इकडे ताण द्या, तिकडे ओळ चुकते म्हणून सांगायची. ओळी काठाकडे सरकत गेल्या. शेवटची तेवढी राहिली.

ती घालायच्या दिवशीच नोहेआ विमानानं आली. पोट पुढं, पाय सुजलेले, हातात होनोलुलूची मिठाई. बायांनी तिला बसवलं, पाय उशीवर ठेवले, सुकवलेली मासळी आणि पोई पुढं केली. ती चौकटीशी सरकून बसली आणि तिनं हात गोधडीवर ठेवला. मग चौकटीखालून दुसरा हात घातला. दोन्ही हातांच्या मध्ये गोधडी धरून ती हळूहळू सरकवत गेली, डोळे मिटून. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

देठाजवळ हात थांबला.

"टुटू, हे कुणाचे गं? तुझे नाहीत वाटतं." ती हसली. वाईट मनानं नाही; ज्याला आपल्या माणसाची ओळख पटते त्याला हसू येतं तसं.

सगळ्यांना ठाऊक होतं की तिथले टाके उसवून लोकालियानंच पुन्हा घातले होते. आणि तिकडे कोपऱ्यातून हालिआका म्हणाली, "माझे आहेत, पोरी. माझा अंगठा असला वाकडा, पकडीनं ओढते ना मी. राहू दे, बाळाला कुठं टाके मोजायचेत."

नोहेआ म्हणाली, "राहू दे ना, काय झालं त्यात."

तिथंच संपलं असतं. वाऱ्यानं ओसरीवरची चटई उलटली, कुणीतरी ती सरळ करायला वाकलं. लोकालियाचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता, कालेओची होडी रिकामी आली तेव्हाही नाही. मान, कान, गळा, सगळं लाल झालं. तिनं हातातली सुई सुयांच्या उशीत खोचली.

"कुणाच्या पोटात काही आहे का?" तिनं विचारलं.

इतक्या गुरुवारांनंतर. पण ते दुसऱ्या कुणाला विचारलेलं नव्हतं.

"माझ्या आहे," ती म्हणाली. "ते टाके तिचे नाहीत. माझे आहेत. आधीचेही माझेच होते. रक्तही माझं होतं. मी तिला एवढ्या जणींसमोर थुंकी लावायला लावली आणि ती लावत राहिली. माझ्या बोटांना आता सुई कळत नाही, नोहेआ. कधीपासूनच कळत नाही. तुला माझ्या हातची गोधडी हवी होती. माझा हात आता एवढाच आहे."

तिनं डावा हात पुढं केला, टोचून चाळण झालेला. नोहेआनं तो धरला. लोकालिया तिच्याकडे बघू शकत नव्हती. ती हालिआकाकडे बघत होती, आणि तेही तिला जड जात होतं.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

हालिआकानं पक्कड मांडीवर फिरवली. "तुमच्या घरात, तुमच्या चौकटीपाशी बसून तुमच्या बोटाचं नाव कसं घेऊ, आंटी? मला वाटलं तुम्हाला कळेल. कळल्यावर तुम्ही याल."

"मी फाटकापर्यंत आले होते."

"मी पाहिलं," हालिआका म्हणाली. "तळ्यावरून तुमचं फाटक दिसतं. दोन्ही दिवस कडी बघत होतात."

मकालेकाला हसू आवरलं नाही. तिनं फुग्याचा तुकडा तोंडावर धरला. पण बाकी कुणी हसलं नाही, आणि लोकालियानं सगळ्यांसमोर हालिआकाची माफी मागितली, आमच्यात मागतात तशी, पूर्ण वाक्यात, काय केलं ते शब्दानं सांगून. हालिआकानं ती तशीच दिली. मकालेकानं प्रार्थना म्हटली.

आता शेवटची ओळ. लोकालिया म्हणाली, "तू घाल, हालिआका."

"मी नाही घालणार. ती ओळ तुमची आहे." आणि तिनं पक्कड चौकटीवरून पुढं सरकवली. "दाबून धरू नका, सुई वाकते. पुढच्या टोकानं नुसतं धरा, मनगट वळवा. तुम्ही चिमटीनं करायचात तेच. आणि खालच्या बोटाला अंगुस्तान घाला, मी आणलंय. टोक लागलं की टक वाजतं. बोटाला नाही कळलं तर कानाला कळेल."

लोकालियानं ती मासळीच्या वासाची पक्कड हातात घेतली. पहिला टाका चुकला, दुसरा तिरपा गेला. नोहेआ शेजारी बसून प्रत्येक टक ऐकत होती. ओळ संध्याकाळी काठाला पोचली. टाके मोठे होते, बहुतेक सरळ होते, आणि कुणी त्यांना लोकालियाचे म्हटलं नसतं, जर तिनं स्वतः सांगितलं नसतं.

बाळ मुलगी झाली. गोधडी तिच्या अंगावर आहे.

पुढं लोकालियाला शेवटच्या ओळीचं बोलावणं येत राहिलं, आणि ती जात राहिली. पक्कड रुमालात गुंडाळून न्यायची. चौकटीपाशी बसली की आधी तो रुमाल उघडून पक्कड वर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची. दर वेळी तिचे कान लाल व्हायचे. आम्हाला वाटायचं एक दिवस होणार नाहीत. पण ते दर वेळी झाले, आणि दर वेळी तिनं रुमाल उघडला.